धनाजीरावांची मिशी

इंदिराबाईंच्या मते त्यांच्या नवऱ्याने, धनाजीरावांनी, जन्मात एकाच बाईमाणसाचे लाड केले, आणि ती म्हणजे रेवा. छाणी गावातल्या त्यांच्या अंगणातली ही पांढरी घोडी बडोद्यातल्या नवरदेवांना मिरवत असे. थंडीत तिचे केस दाट व्हायचे, वरघोड्यात, म्हणजे वरातीत, ती घामाने भिजायची आणि मग गारठायची. म्हणून लग्नसराईआधी केस कापावे लागत.

यंदा केस कापायचं नवं मशीन आलं होतं. रेवाची दोरी धरून उभ्या इंदिराबाई बघत होत्या. धनाजीरावांनी आधी रेवाला नुसता आवाज ऐकवला, मग मशीनची पाठ तिच्या खांद्यावर टेकवून थरथर सवयीची केली. पातं तापलं का, हे मनगटावर बघत बघत अंगावरचे केस छान कापून झाले. कानाजवळ मात्र ती बिथरली.

"काही होत नाही बाळा, हे बघ," म्हणत त्यांनी मशीन स्वतःच्या गालाजवळ नेलं, आणि अर्धी मिशी भुईवर पडली.

इंदिराबाईंचा पारा चढला. "चाळीस वर्षं सांगतेय, टोचते, काढा. तर म्हणे, शिलेदारांच्या घराण्याची मिशी आहे. आणि हिच्यासाठी लगेच?"

"तू कधी घाबरली नाहीस ना," धनाजीराव म्हणाले.

रेवाचे कान उरकल्यावर इंदिराबाईंनी मशीन हातात घेतलं. "बसा. उरलेली मी काढते."

धनाजीरावांनी डोळे घट्ट मिटले. इंदिराबाईंनी आधी मशीनची पाठ त्यांच्या खांद्यावर टेकवली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.