परत आलेले पंधरा हजार

आमच्या ऑफिसात पैसे परत आले की टाळ्या वाजतात. बाहेरच्याला हे खुळचट वाटेल, म्हणून आधीच सांगून टाकते. जामीन मंजूर झालाय पण भरायला दमडी नाही, म्हणून जी माणसं तुरुंगात खितपत पडतात, त्यांचा जामीन आमची संस्था भरते. खटला संपला की कोर्ट ती रक्कम आम्हाला परत देतं आणि आम्ही ती पुढच्या माणसासाठी भरतो. तेव्हा पैसे परत आले म्हणजे माणूस कधीच सुटलेला असतो आणि खटलाही संपलेला असतो. बँकेच्या उताऱ्यात अशी रक्कम दिसली की मी खुर्चीतूनच ओरडते, "सुटला!" आणि सगळे हातातलं टाकून टाळ्या वाजवतात.

ही प्रथा मीच पाडली. अकरा वर्षं संस्थेचे आर्थिक व्यवहार मी सांभाळते. पावती नसेल तर चहाचे पैसेसुद्धा देत नाही, म्हणून संस्थेच्या वकीलबाई मला पाठीमागे 'कुलूप' म्हणतात. मला कळतं ते, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. माझ्या हिशेबात चूक सापडली तर मी नोकरी सोडेन, असं मी दर वर्षी ऑडिटरला तोंडावर सांगायची.

यंदाही सांगितलं. ऑडिटर म्हणजे साठीचे, मिशीआड हसणारे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हा सुतार. एकोणीस दिवसांत खटला संपला?"

"संपला. किरकोळ चोरीचा आळ होता. मालकाच्या गोदामातून लाकूड पळवलं म्हणे."

"एकोणीस दिवसांत आमच्या सोसायटीचा नळ दुरुस्त होत नाही," ते म्हणाले. "पैसे परत देण्याचा कोर्टाचा आदेश कुठंय?"

आदेश फायलीत नव्हता. आदेश उशिरा येतात, कधी वर्ष-वर्ष, त्यामुळे मी घाबरले नाही. त्यांनी बँकेचा उतारा माझ्याकडे सरकवला. पंधरा हजार, खटल्याचा नंबर, तारीख. सगळं बरोबर होतं.

"ओळ शेवटपर्यंत वाचा," ते म्हणाले.

शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भरणा स्वीकारला नाही.'

मी ते तीनदा वाचलं. कोर्टाने पैसे परत दिले नव्हते, घेतलेच नव्हते. वकीलबाईंना हाक मारली. त्यांनी उभ्या उभ्या संगणकावर खटला शोधला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही पैसे पाठवले त्याच आठवड्यात खटला दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झाला होता. जुन्या कोर्टाने रक्कम आल्या पावली परत पाठवली होती.

"पण तुम्ही नोंदवहीत 'बाहेर आला' असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ते बघूनच मी फाइल बंद केली. तारखांना आपल्याकडून कुणी गेलंच नाही."

लिहिलं होतं. तो रकाना वकीलबाईंनी भरायचा असतो. तो रिकामा दिसला, शेजारच्या रकान्यात पैसे परत आलेले दिसले, आणि मला रिकामा रकाना बघवत नाही. सुटल्याशिवाय पैसे परत येतीलच कसे, असा विचार केला आणि माझ्या सुबक अक्षरात लिहून टाकलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं. फक्त इथे बैल नव्हता, माणूस होता.

तुरुंगात फोन लावला. पलीकडच्या कारकुनाने कंटाळलेल्या आवाजात नंबर विचारला, पानं उलटली.

"आहे की. तीन नंबरच्या बराकीत."

"अजून?"

"अजून म्हणजे? जामीन कुणी भरलाय त्याचा?"

सात महिने. मी रिसीव्हर खाली ठेवला. ऑडिटरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तेवढ्यात मला ते दुसरं आठवलं.

त्याच्या बायकोचा फोन आला होता. पैसे 'परत' आल्यानंतर आठवड्याभराने. वकीलबाई कोर्टात होत्या, म्हणून मी उचलला. "ताई, यांच्या जामिनाचं काही झालं का हो?" तिने विचारलं. आणि मी, अगदी रंगात येऊन, म्हणाले होते, "जामिनाचं काय घेऊन बसलात, अहो खटलाच संपला! कधीच सुटला तो. घरी आला नाही? मग विचारा त्याला, कुठे हिंडतोय!" आणि हसले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला. पलीकडून फोन कट झाला. मला वाटलं होतं, आनंदाने बोलवत नसेल बिचारीला.

मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

दुपारीच वकीलबाई नव्या कोर्टात धावल्या. मी फायलीतला पत्ता घेऊन निघाले. तो तिच्या भावाच्या लाँड्रीचा होता. आत वाफेने डोळे चुरचुरत होते. ती दाराकडे पाठ करून चादरीला इस्त्री करत होती. मी कोण ते सांगितलं, तशी तिने इस्त्री उभी ठेवली.

"त्यांच्याबद्दल असेल तर मला ऐकायचं नाही ताई. सुटून सात महिने झाले आणि माणूस दारात फिरकला नाही. मी कशाला विचारू?"

"ऐका तरी…"

"काय ऐकू? भाडं थकलं म्हणून खोली सोडली, इथे भावाच्या दारात येऊन पडले. रागाच्या भरात त्यांची हत्यारांची पेटी विकली. पोरगी रोज विचारायची, बाबा कधी येणार. शेवटी सांगून टाकलं, बाबा गेला आपल्याला सोडून. आता विचारत नाही."

सांगितलं, एका दमात. तो सुटलाच नाही, चूक आमची झाली, आमची म्हणजे माझी, तो अजून आतच आहे. ती आता माझ्या थोबाडीत मारेल, असं वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून, नाहीतर कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

"आत आहेत?" ती म्हणाली. "म्हणजे ते कुठे गेलेच नाहीत?"

"नाही."

"दुसरं घर वगैरे केलेलं नाही?"

"अहो, ते तुरुंगात आहेत."

ती हसली. दोन्ही हातांनी तोंड दाबून खदखदून हसली आणि भावाला हाक मारून म्हणाली, "दादा, अरे, ते आतच आहेत!" नवरा निर्दोष सुटला म्हणून सांगावं तसं. मी खांबासारखी उभी. सात महिन्यांची कोठडी मी त्या बाईच्या पदरात टाकली होती आणि ती बाई ती बक्षीस मिळाल्यासारखी घेत होती.

मग हसता हसता ती थांबली.

"आधी मी दर रविवारी भेटीला जायची," ती म्हणाली. "तुमच्या फोननंतर एकदाही गेले नाही. मी का येत नाही, काय वाटलं असेल त्यांना?"

"मी आत्ताच कोर्टात जाते," मी म्हणाले.

नव्या कोर्टात पैसे मी स्वतः भरले, पावती हातात पडेपर्यंत खिडकी सोडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभ्या होतो. तिने पोरीला आणलं नव्हतं. आधी त्यांना बघते, मग पोरीला काय सांगायचं ते ठरवते, म्हणाली. धुतलेला शर्ट तिने कागदात गुंडाळून आणला होता आणि सारखी त्याच्या घड्या नीट करत होती.

साडेदहाला लहान दार उघडलं. तो बाहेर आला, हातात कापडी पिशवी, शर्ट अंगावर लोंबत होता. उन्हाने डोळे बारीक करून त्याने रस्ता बघितला, मग आम्हाला बघितलं. चार-पाच पावलांवर तो थांबला. पुढे येईना. बायकोकडे त्याने अगदी परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने बघितलं.

"तू इथे?" तो म्हणाला. "कुणाला न्यायला आलीस?"

तिच्या हातातला शर्ट खाली पडला. ती माझ्याकडे वळली. "सांगा ना ताई त्यांना. तुम्हीच सांगा."

मी सांगितलं. पैसे कसे परत आले, मी काय लिहिलं, फोनवर काय बोलले, हसले तेसुद्धा सांगितलं. हात जोडले होते की नाही, आठवत नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. सात महिन्यांचा जाब विचारेल, शिव्या देईल, अशी मी वाट बघत होते. त्याने मान वर केली ती बायकोकडे बघायला नाही, माझ्याकडे बघायला.

"म्हणजे ही येणार होती?" त्याने विचारलं.

"दर रविवारी," मी म्हणाले.

तो तिथेच, फाटकासमोर धुळीत खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला.