डबा आण

“दिवाळी पहाट आहे, स्वप्ना. डिस्को नाही,” पूर्णिमाताई म्हणाल्या.

दोह्यात अबू हमूर भागातल्या त्यांच्या व्हिलात स्नेहबंध मंडळाची तालीम चालली होती. स्वप्नाच्या मोबाइलमधून बास गिटार दणकत होती, सोफ्यावरच्या बायकांचे पाय नकळत हलत होते आणि ताईंचा चेहरा चहात मीठ पडल्यासारखा झाला होता.

“डिस्को नाही हो, फंक आहे. अ‍ॅसिड जॅझ म्हणतात. ब्रिटिश बँड आहे.”

“ते अ‍ॅसिड घरी ठेव. नियम माहीत आहे ना तुला? मंचावर फक्त मराठी गाणी. दर वर्षीसारखं भावगीत म्हण. किती गोड म्हणतेस.”

दर दिवाळीत स्वप्ना काठापदराची साडी नेसून गोड भावगीत म्हणायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि फराळाकडे वळायचे. यंदा तिला गोड व्हायचं नव्हतं. यंदा सुमैया चालली होती.

सुमैया रत्नागिरीची, स्वप्ना नाशिकची. नर्सिंगच्या होस्टेलात दोघी एका खोलीत आल्या त्या कायमच्या. एकीने दोह्याच्या दवाखान्यात नोकरी धरली, तर वर्षाच्या आत दुसरीही तिथेच हजर. आता दवाखान्याने सुमैयाचा करार पुढे वाढवला नव्हता. कारण कुणी दिलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की माणूस गेलं. इथे त्याला एकच शब्द आहे, खलास. दिवाळी पहाट झाली की त्याच संध्याकाळी तिचं विमान होतं.

आणि हे गाणं दोघींचं होतं. होस्टेलात कुणाच्या तरी भावाने भरून दिलेली कॅसेट आली होती, कव्हर नसलेली. दोघी मराठी माध्यमाच्या. इंग्रजी त्यांना औषधाच्या बाटलीवर कळायचं, गाण्यात नाही. त्यात मेसचं वरण असं, की वाटीत तोंड पाहून वेणी घालावी. सुमैयाच्या अम्मीने पाठवलेला नारळाच्या वड्यांचा डबा मात्र ट्रंकेत कुलपाखाली असायचा. भुकेल्या कानांना त्या गाण्याचं धृपद स्वच्छ ऐकू आलं: ‘डबा आण गं, डबा आण. उद्या नको गं, आज आण.’ स्वप्ना गायची, सुमैया ट्रंक बडवत तोंडाने बास वाजवायची आणि शेवटी कुलूप उघडायची. पुढे पहिला पगार झाला, लग्नं झाली, बाळंतपणं झाली, आईबाप गेले. दर वेळी रडून झालं की दोघी तेच गायच्या.

तालमीहून परतताना गाडीत ईश्वरी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती. स्वप्नाच्या या पोरीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं.

“आई, यू नो दॅट्स नॉट द लिरिक, राइट? इट्स अबाउट डान्सिंग. देअर इज नो डबा.”

“नाही कसा? धडधडीत म्हणतो तो, डबा आण.”

“ही डझन्ट. यू बोथ मेड इट अप.”

स्वप्नाने गाडी बाजूला घेतली. आधी तिला राग आला. एवढी वर्षं आपण येड्यासारखं गात होतो, आणि तेही चारचौघांत! मग हसू आलं, ते आवरेना. डोळे पुसून तिने पूर्णिमाताईंना फोन लावला.

“ताई, माझंच चुकलं. मी नीट सांगितलं नाही. गाण्याचे शब्द मराठी आहेत.”

“मराठी? कोणाचे?”

“रत्नागिरी-नाशिकच्या दोन मुलींचे. जेवणावर आहे.”

“मग आधी नाही का सांगायचं? घेऊ या,” ताई म्हणाल्या. स्वप्नाच्या सांगण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये उटण्याचा आणि अत्तराचा वास होता. तिसऱ्या रांगेत सुमैया बसली होती, डोक्यावर ओढणी, मांडीवर स्वप्नाने दिलेला फराळाचा स्टीलचा डबा. मागच्या रांगेत रास लफानच्या गॅस प्रकल्पातली रात्रपाळी करून आलेले पुरुष पेंगत होते. स्वप्नाचा नवरा अवधूत तर चक्क घोरत होता.

बास सुरू झाली तशा पूर्णिमाताई ताठ झाल्या. स्वप्ना गाऊ लागली. दुसऱ्यांदा ‘डबा आण’ आल्यावर मागची रांग जागी झाली आणि कोणीतरी दाद दिली. ताईंनी साउंडवाल्याला खूण केली. ट्रॅक बंद पडला.

अशा वेळी भल्या घरच्या बाईने सॉरी म्हणून खाली उतरायचं असतं. गेली कित्येक वर्षं दवाखान्यात, मंडळात, सासरी स्वप्ना तशीच उतरत आली होती. तिने ताईंकडे पाहिलं, पदर खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मोठ्या हॉलमध्ये तिचा एकटीचा आवाज बारीक वाटत होता. तरी ती थांबली नाही.

“डुंब. डुंब-ट-डुंब.”

सुमैया उठून उभी राहिली होती. तोंडाने बास आणि हाताने डबा. आत चकल्या खुळखुळत होत्या. मग मागच्या रांगेने ठेका धरला, आणि कडेला उभी असलेली ईश्वरी सगळ्यांत मोठ्याने ओरडली, “उद्या नको गं, आज आण!” स्वच्छ मराठीत.

“हे मराठी गाणं नव्हे,” खाली उतरल्यावर पूर्णिमाताई म्हणाल्या.

“यातला एक इंग्रजी शब्द दाखवा, पुढल्या वर्षी दोन भावगीतं म्हणते.”

ताईंनी ओठ हलवत धृपद मनात म्हणून पाहिलं. त्या फराळाची व्यवस्था बघायला गेल्या.

दुपारी अल नस्र भागातल्या सुमैयाच्या खोलीत एक बॅग तेवढी उरली होती. फराळ तिने पिशवीत बांधून घेतला होता. डबा धुऊन, पुसून तिने स्वप्नापुढे धरला. झाकणावर स्वप्नाचं नाव होतं, तिच्या लग्नात आईने कोरून घेतलेलं.

“घे गो तुझा डबा.”

स्वप्नाने हात पुढे केला नाही. “रिकामा? रिकामा डबा परत करतात का कधी?”

“घरात साखरेचा दाणा नाही आता. कशानं भरू?”

“मग ठेव तुझ्याकडे. भरशील तेव्हा आण.”

“येडी काय तू? बॅगेत बोट शिरायला जागा नाही. वजन पण काट्यावर आलंय.”

“मला काही माहीत नाही. रिकामा मी घेणार नाही.”

सुमैयाला हिचा हट्ट ठाऊक होता. तिने डबा जमिनीवर ठेवला. मग खाली बसली, बॅग उघडली, ड्यूटीचे पांढरे बूट बाहेर काढले आणि त्या जागी डबा बसवला. चेन लावताना दोघींना बॅगेवर बसावं लागलं.

खाली अवधूतने हॉर्न वाजवला. “यल्ला, चल,” सुमैया म्हणाली आणि बॅगेचा एक कान तिने धरला, एक स्वप्नाने. दोघी जिना उतरून गेल्या. खोलीच्या दाराशी पांढरे बूट जोडीने राहिले होते, आत्ताच कोणी ड्यूटीवरून घरी आल्यासारखे.