नयनची चहाडी

कोपरच्या सगुणाबाईंचा गोडावर फार जीव. तरुणपण मिठागरात राबण्यात गेलं, पुढे घरच्या जमिनीवर इमारत उभी राहिली आणि हातात तीन फ्लॅट आले. पण साठीला डायबेटीस निघाला आणि मुलाने, आनंदने, घरात मिठाई आणणंच बंद केलं. तेव्हापासून सगुणाबाई पेढ्यांचा पुडा तांदळाच्या पिंपात पुरून ठेवायला लागल्या.

दुपारी घरात दोघीच असायच्या, त्या आणि नात नयन. नयन सात वर्षांची, तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. सून कल्पिता तिला शाळेतून आणून सोडायची आणि शिलाईच्या दुकानात परत जायची. नयनसमोर पेढा खायला सगुणाबाईंना कसली भीती? ती थोडीच कुणाला सांगणार होती. अर्धा पेढा तिच्या हातावर ठेवायच्या, दीड आपण खायच्या आणि मनातलं सगळं तिच्यापाशी बोलून टाकायच्या. देवासमोर बोलावं तसं, उत्तराची वाट न बघता.

नयन कल्याणच्या शाळेत खुणांची भाषा शिकत होती, ते त्यांना मुळीच पटलं नव्हतं. "हातवारं करत बसली तर पोर बोलंल कधी?" त्या म्हणायच्या. कल्पिता ऐकून घ्यायची आणि दर शनिवारी शाळेतल्या पालकांच्या वर्गाला जायची. सगुणाबाईंचं मात्र ये, जेव, झोप, नको एवढ्या चार खुणांवर भागत होतं.

एका रविवारी भाजी निवडता निवडता त्या कलंडल्या. कल्पिताने रिक्षा करून दवाखान्यात नेलं. नयनही सोबत होती. तपासलं तर साखर चारशेच्या वर.

"आजी, गोड खाता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय गो बाय. चहापन बिनसाखरेचा."

नयनचा चेहरा पांढराफटक पडला होता. कल्पिताने तिला खुणांनी समजावलं की आजीला गोड चालत नाही, त्याने चक्कर येते. नयनने आईचा ड्रेस ओढला. मग ती हातांनी सगळं करून दाखवत सांगायला लागली. पिंपाचं झाकण उघडलं. कोपरापर्यंत हात तांदळात घातला. दाराकडे चोरून पाहिलं, ते हुबेहूब सगुणाबाईंसारखं. पेढा तोंडात टाकला आणि पदराने ओठ पुसले. रोज, तिने सांगितलं. रोज दुपारी.

डॉक्टरीणबाईंना खुणा येत नव्हत्या, तरी त्यांना हसू आवरेना. कल्पिता मात्र हसता हसता रडायला लागली. खुणांनी काहीतरी मागणं लेकीचं रोजचंच होतं. आपण तिथे नसताना काय घडलं हे तिने आज पहिल्यांदाच सांगितलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सगुणाबाई घरी आल्या त्या गाल फुगवूनच. दिवसभर नयनकडे बघितलं नाही. संध्याकाळी नयन त्यांच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली, तेव्हा त्या सुनेला म्हणाल्या, "विचार तिला. माझी चहाडी का केलीस म्हनावं. मी तुला वाटा देत नव्हते?"

कल्पिताने विचारलं. नयनचे हात हळूहळू हलले.

"काय म्हनते?"

"म्हणते, तू पडलीस. तू डोळे उघडत नव्हतीस. मी तुला हलवलं, मग पाणी आणलं, पण तू प्यायली नाहीस. मला वाटलं, आता आजी नाही."

सगुणाबाईंना पाण्याचं काही आठवत नव्हतं. चार वर्षं दुपारच्या दुपार आपण या पोरीशी बोललो, आणि हिच्याही मनात काही बोलायचं असेल, असं एकदाही वाटलं नाही. त्यांनी नयनला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

पेढे कचऱ्यात गेले. शनिवारी सगुणाबाई नवं लुगडं नेसून सून आणि नयनबरोबर कल्याणला गेल्या आणि वर्गात तरुण आयांच्या मधे जाऊन बसल्या. पहिल्यांदा काय शिकायचंय, असं बाईंनी विचारलं.

"मना तिला विचारायचाय," सगुणाबाई म्हणाल्या, "आनखी काय काय बघितलंस गो?"

वर्ग सुटेपर्यंत त्या तो एकच प्रश्न खुणांनी घोकत राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांनी नयनला विचारलं, थोडं चुकत, दोनदा. उत्तर द्यायला नयनला घरी पोहोचेपर्यंतचा सगळा वेळ लागला. सगुणाबाईंना त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नाही, पण त्यांनी नजर हलवली नाही.