देवाच्या टाक्यातले शिंपले

कुसुमबाईंचं डोकं गरगरायला लागलं, यात त्यांचा काय दोष? घाण काढली की घाण जाते, हे शेंबड्या पोरालाही कळतं!

म्हैसूरच्या अग्रहार पेठेतल्या विठ्ठल मंदिराच्या सेवेची पाळी बारा वर्षांनी त्यांच्या घरी आली होती. पहिल्याच दिवशी बाईंनी पदर खोचला आणि अभिषेकाच्या पाण्याचं अंगणातलं दगडी टाकं उपसलं. तळाशी बघतात तर काय, चिखलात रुतलेले जिवंत शिंपले! "अय्यो, देवाच्या पाण्यात असले प्राणी? शिव शिव!" दोन बादल्या शिंपले उकिरड्यावर गेले, टाकं घासलं गेलं, ताजं पाणी भरलं. मंदिराचे पंच अंबाजीराव खूश झाले.

आठ दिवसांत पाणी हिरवं. पुन्हा उपसलं, पुन्हा घासलं. पुन्हा हिरवंगार, वर वास! "तुमच्या हातात सोवळंच नाही," अंबाजीरावांनी तोंडावर सांगितलं. "अष्टमीपर्यंत पाणी निवळलं नाही तर पाळी दुसऱ्या घरी जाईल." बाईंना रडूच कोसळलं. आपलं चुकतंय कुठं, हेच उमगेना.

बाईंच्या नवऱ्याच्या शिवणकामाच्या दुकानात ब्लाउज शिवायला टाकायला वेदवती आली होती. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "अहो कुसुमक्का, शिंपला दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो आणि स्वच्छ पाणी बाहेर सोडतो. तुम्ही गाळणीच फेकून दिलीत की!"

"म्हणजे देव इतकी वर्षं त्यांच्या पोटातून आलेल्या पाण्यानं न्हात होता?"

हसावं की रडावं, बाईंना कळेना. सोवळं कुठलं नि ओवळं कुठलं, सगळाच घोळ. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी तळ्यावरून घागरभर शिंपले आणून टाक्यात सोडले.

अष्टमीला टाक्याचा तळ लख्ख दिसत होता. तो बघूनच अंबाजीराव ओरडले, "पुन्हा शिंपले? आधी बाहेर काढा!"

पाळी गेलीच म्हणायची. पण बाईंना भीतीपेक्षा रागच जास्त आला. "काढते की! पण मग चाळीस वर्षं प्यालात ते तीर्थही पोटातून काढा. तेही यांनीच गाळलेलं."

अंबाजीरावांनी टाक्यात वाकून पाहिलं. मग त्यांनी स्वतःच कळशी घेतली आणि टाक्यात बुडवली, अगदी अलगद, तळाला लागू न देता.