पडद्याआडचा गोल

“आई, हा नको. मॅचला लाल क्रॉसवाला झेंडा लागतो,” नकुल दारातच म्हणाला.

“ठाऊक आहे मला. अख्खं आयुष्य लेस्टरमध्ये काढलंय.” पद्मिनीबाईंनी युनियन जॅकची घडी पर्समध्ये सारली. “लाल क्रॉस इंग्लंडचा. हा सगळ्या ब्रिटनचा. आपल्या वाट्याला हाच आलाय.”

अमेरिकेत नकुल राहायचा त्या प्लेनोच्या रणरणत्या उन्हात दोघं समोरच्या ग्रॅहमकडे निघाली. ग्रॅहम जन्माने इंग्रज, पण टेक्ससमध्ये मुरलेला. इंग्लंडची मॅच असली की शेजारपाजाऱ्यांना बोलावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

पद्मिनीबाई लेस्टरला नर्स होत्या. ब्रिटिश पासपोर्ट हातात पडला तेव्हा नवऱ्याने, हेमचंद्रांनी, पेढे वाटले होते. पण इंग्लिश होणं निराळं. सोसायटीचं मेंबर होता येतं, म्हणून काही शेजाऱ्याच्या घरचं होता येत नाही. मॅचच्या दिवशी पोरं लाल क्रॉसचे झेंडे मिरवत रस्त्यावर उतरत, आणि टीम हरली की ‘गो होम’च्या आरोळ्या. एकदा तर खिडकीवर वीट आली. एवढं होऊनही हेमचंद्र इंग्लंडचे कट्टर भक्त! पडदे लावून मॅच बघायचे आणि गोल झाला की दबक्या आवाजात ‘गोल!’ म्हणायचे. पद्मिनीबाईंना हसू यायचं, रागही यायचा.

ग्रॅहमकडे चिप्सचा बाऊल पुढे करत एक टेक्सन शेजारीण म्हणाली, “ओह, तुमचा अ‍ॅक्सेंट किती गोड! तुम्हीपण इंग्लिश?”

“ब्रिटिश,” पद्मिनीबाई सवयीने म्हणाल्या.

ग्रॅहमने टीव्हीवरची नजरही हलवली नाही. “लेस्टरची म्हणजे इंग्लिशच की. कमॉन, पद्मिनी!”

इतकं सोपं होतं हे? पद्मिनीबाईंना आधी संताप आला. तिकडे असं कुणी एकदा जरी म्हणालं असतं, तर नवऱ्याने घरातले सगळे पडदे उघडून टाकले असते. मग मात्र त्यांना भरून आलं. ज्याने ऐकायला हवं होतं, तोच आता नव्हता.

तेवढ्यात इंग्लंडने गोल मारला. घर दणाणलं. पद्मिनीबाई उठल्या, आणि त्यांचा हात आपोआप खिडकीच्या पडद्याकडे गेला.

“आई,” नकुल हळूच म्हणाला, “इथे नको गं. राहू दे उघडा.”

त्यांनी पडदा सोडला. मोठ्याने ओरडायचं होतं त्यांना, हेमचंद्रांच्या वाटचंही.

“गोल,” त्या म्हणाल्या. आवाज इतका दबका होता की फक्त नकुललाच ऐकू आला.