पितरांच्या मागची भिंत

खोदकामाची झळ घराला लागल्याची बातमी युएलानला पहिल्यांदा दिली ती न्हाणीघराच्या दारानं. एक दिवस ते लागेनासं झालं. तिला वाटलं, लाकूड फुगलं असेल. मग स्वयंपाकघरात सांडलेलं पाणी मोरीकडे जायचं सोडून फ्रीजखाली जायला लागलं, आणि जिन्यातल्या भिंतीवर केसाएवढी रेघ उमटली. थोड्याच दिवसांत त्या रेघेत तिचं नख जायला लागलं.

शेजारची तीन घरं पाडून तिथं उंच इमारत व्हायची होती. तैवानमधल्या ताइनान शहरातल्या त्या गल्लीत सगळी घरं अरुंद, तीन मजली आणि भिंतीला भिंत लावून उभी. शेजारी गेले आणि युएलानच्या घराची पूर्वेची भिंत जन्मात पहिल्यांदा उघडी पडली. तिच्या पायथ्याशी आता खोल खड्डा होता, आणि पंप लावून त्यातलं पाणी सारखं उपसलं जात होतं. तिसऱ्या मजल्यावर त्याच भिंतीला टेकून देव्हारा होता. मधोमध क्वानयिन देवी, डाव्या अंगाला सासरच्या पितरांची नावं कोरलेली लाकडी पाटी, आणि पुढं धूपपात्र. नवरा गेल्यापासून त्याचंही नाव त्या पाटीत होतं. सकाळ-संध्याकाळ तिथं उदबत्ती लावायची आणि दिवसभरातलं काय ते सांगायचं, एवढंच तिचं आता बोलणं होतं.

खोदकामाआधी, नियमाप्रमाणे, इंजिनिअरांच्या संघटनेची माणसं येऊन आजूबाजूच्या सगळ्या घरांचे फोटो काढून गेली होती. कुठल्या भिंतीला आधीच तडा आहे आणि कुठल्या नाही, याची ती नोंद. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी देव्हारा वीतभर पुढं घ्यायला सांगितलं. पण तो चांद्र पंचांगातला सातवा महिना होता. त्या महिन्यात मेलेल्यांची दारं उघडी असतात. कुणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, आणि देव्हाऱ्याला तर कुणी बोटही लावत नाही. "महिना संपला की या," युएलान म्हणाली होती. माणसं हो म्हणाली. महिना संपला. ती परत आली नाहीत, आणि आपण होऊन फोन करायचा तिला संकोच वाटला. तेवढी एक भिंत नोंदीतून राहून गेली.

आता त्याच भिंतीवर, देव्हाऱ्याच्या वर आणि खाली, बोट जाईल एवढा तडा दिसत होता. मधलं काही दिसत नव्हतं.

बिल्डरकडून लो नावाचा माणूस आला. पस्तिशीचा, सदा घामाघूम, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. बरोबर संघटनेचे इंजिनिअर फान होते. लोनं वाकून फळांची पेटी पुढं केली.

"मावशी, हे आमच्याकडून. देव्हाऱ्यापुढं ठेवा."

युएलाननं पेटी उघडली. आत सीताफळं होती.

"बुद्धाच्या डोक्यासारखं दिसतं हे फळ. ते कुणी देवापुढं ठेवतं? आईनं शिकवलं नाही?"

लो ओशाळला. "आई गावाला असते, मावशी. मी इथं नुसतं सिमेंट बघतो."

"मग ते तरी नीट बघायचं."

तिघं वर गेले. लोनं तडा पाहिला, आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, "हा जुना असणार. मोठ्या भूकंपातला. आमच्या नोंदीत ही भिंत नाहीच."

"नाही, कारण तुमची माणसं परत आली नाहीत."

"तुम्ही फोटो काढू दिला नाहीत, मावशी. तसं लिहिलंय तिथं. घरमालकानं नकार दिला."

"नकार? मी थांबा म्हटलं होतं. थांबा आणि नको यात काही फरक आहे की नाही?"

फान पुढं झाले. त्यांनी बॅटरीचा झोत देव्हाऱ्याच्या मागं टाकून पाहिला. "भांडून काय कळणार? इथं उदबत्त्या कधीपासून जळतायत?"

"मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून."

"मग मागची भिंत काजळीनं काळी असणार. तडा जुना असला तर आतूनही काळा असेल. नवा असला तर आतून पांढरा. पण देव्हारा हलवल्याशिवाय मला दिसणार नाही. आणि तसाही तो हलवावाच लागेल, मावशी. भिंत बांधून काढायला हवी. वादळाचे दिवस आले की अशी टिकायची नाही ती."

हलवावा लागेल, एवढंच युएलानच्या डोक्यात शिरलं. बाकीचं तिनं ऐकलं, पण ते कानावरूनच गेलं.

संध्याकाळी तिनं पितरांना कौल लावला. चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल लाकडी तुकडे. एका बाजूनं सपाट, दुसरीकडून फुगीर. हातात घेऊन विचारायचं आणि जमिनीवर टाकायचे. एक उताणा आणि एक पालथा पडला तर होकार. दोन्ही उताणे पडले तर पितर हसतायत. दोन्ही पालथे म्हणजे नाही.

भिंत दुरुस्त होईपर्यंत खालच्या मजल्यावर चलाल का, तिनं विचारलं. नाही. चांगला दिवस बघून नेते. नाही. धाकट्या दिरांकडे थोडे दिवस? पितर हसले. तिनं रोज विचारलं. रोज तेच.

पलीकडच्या अंगाला राहणारी पीशिया, तिची लग्नापासूनची मैत्रीण, जिना चढून धापा टाकत आली आणि देव्हाऱ्यासमोरच्या स्टुलावर बसली. "तुझी सासू जिवंतपणी तरी तुझं एका फटक्यात ऐकायची का?"

"चेष्टा नको गं. इथं भिंत फाटलीय आणि हे हलायला तयार नाहीत."

मुलगा चुंगयी शिंचूला नोकरीला होता. त्यानं फोनवर वेगळाच मार्ग काढला. "आई, त्यांना इकडं आणू. आमच्याजवळच्या देवळात पितरांसाठी हॉल आहे. स्वच्छ, सगळं एसी. आणि घर बिल्डर घ्यायला तयार आहेच."

"तुझ्या आजोबांना एसी सोसत नव्हता."

"आई, ते आता..."

"माहितेय मला ते आता काय आहेत." तिनं फोन ठेवला. अनोळखी लोकांच्या ओळीत, नंबर लावलेल्या कप्प्यात नवऱ्याचं नाव तिला दिसायला लागलं. भिंत दुरुस्त झाली नाही, तर शेवटी तेच होणार, हे तिलाही कळत होतं. मुलगा वाईट नव्हता. तो लांब होता, एवढंच.

पीशियानंच मग सुचवलं. "कुठं न्यायचं ते विचारतेस, पण का न्यायचं ते सांगितलंस का? त्यांच्या पाठीची भिंत फुटली. ज्यानं फोडली, त्यानं यायला नको का सांगायला?"

युएलाननं तुकडे ओंजळीत घेतले. बिल्डरच्या माणसानं येऊन सांगितलं तर खाली चलाल? तिनं टाकले. एक उताणा, एक पालथा. पुन्हा टाकले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"घे," पीशिया म्हणाली, आणि तिच्या आवाजातली चेष्टा पार गेली होती.

साइटवर एका पत्र्याच्या खोलीत लोचं ऑफिस होतं. युएलानला बघून तो जेवणाचा डबा झाकून उभा राहिला. तिनं सांगितलं ते त्यानं नीट ऐकून घेतलं, हसला नाही. पण मान हलवली.

"मावशी, कंपनीच्या वकिलांनी सक्त सांगितलंय. चूक झाली, माफ करा, असलं काही तोंडातून काढायचं नाही. उद्या तुमच्या मुलानं रेकॉर्ड केलं तर माझी नोकरी गेली."

"माझ्यापुढं कोण सांगतंय म्हणायला? मी खाली थांबेन."

"तरीपण..."

"लो साहेब, पितरांपुढं कुणी मोठ्यानं बोलतं का? उदबत्ती धरायची, आपलं नाव सांगायचं, पत्ता सांगायचा, काय काम ते सांगायचं. सगळं मनात. तुमच्या वकिलाला मनातलं ऐकू येतं का?"

लोनं कपाळावरचा घाम पुसला. बाहेर पंपाचा आवाज चालू होता. "आणि नाही आलो तर?"

"तर मी देव्हारा हलवणार नाही. फान साहेबांना तडा दिसणार नाही. तुमचंच बरं होईल." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "वादळात भिंत पडली तर पितर माझ्या अंगावर पडतील. मला चालेल. त्यांना तुमच्या खड्ड्यात पडलेलं मात्र चालणार नाही."

पंचांग बघून दिवस ठरला, लोला निरोप गेला. चुंगयी पहाटेच्या गाडीनं आला. पितरांना उचलायचं तर घरातला मुलगा हवा. तो आईशी फारसं बोलला नाही. पीशियानं भात, वाफवलेला मासा, बांबूच्या कोंबाचं सूप असं सगळं खाली मांडून ठेवलं. लो येईल असं कुणालाच खात्रीनं वाटत नव्हतं.

तो आला. ओळखपत्र गळ्यात नव्हतं. हातातल्या पिशवीत संत्री आणि सफरचंदं होती.

"आईला फोन केला होता," तो युएलानला म्हणाला.

"काय म्हणाली?"

"आधी मला शिव्या दिल्या. मग फळं सांगितली."

युएलाननं उदबत्त्या पेटवून त्याच्या हातात दिल्या. आपण खाली थांबू असं तिनं म्हटलं होतं, पण ती जिन्याच्या तोंडाशीच थांबली, चुंगयी तिच्यामागं. लो देव्हाऱ्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलले. नाव आणि पत्ता सांगून होण्याइतका वेळ ते हलले, मग बंद झाले. त्यानं उदबत्त्या धूपपात्रात खोचल्या आणि कौलाचे तुकडे टाकले.

दोन्ही पालथे.

लोनं मागं वळून पाहिलं. "नाही म्हणतायत."

"काय सांगितलंस?" युएलानच्या बोलण्यातलं 'तुम्ही' गळून पडलं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"नाव सांगितलं. पत्ता सांगितला. भिंतीचं काम करायचंय, खाली चला म्हटलं."

"आणि भिंतीला काय झालं ते?"

लोनं मान खाली घातली.

"परत सांग. त्यांना घाई नाही."

त्यानं नव्या उदबत्त्या घेतल्या. या वेळी तो गुडघ्यावर बसला. डोकं खाली होतं, त्यामुळं ओठ हलतायत की नाही ते दिसलं नाही. फक्त उदबत्त्यांची राख त्याच्या मनगटावर पडत होती. पडली तरी त्यानं हात हलवला नाही. बाजूच्या खड्ड्यात कुणीतरी ओरडलं, लोखंडी सळया खणखणल्या. चुंगयीनं चुळबूळ करून आईकडे पाहिलं. एवढा वेळ माणूस काय सांगत असेल? युएलाननं त्याच्याकडे पाहिलंच नाही.

लो उठला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. धुरानंही झाले असतील. त्यानं तुकडे टाकले. एक उताणा, एक पालथा.

पीशियानं मोठा श्वास सोडला. लो नुसता त्या तुकड्यांकडे बघत राहिला.

मग सगळं भराभर झालं. आधी देवी. मग चुंगयीनं पितरांची पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरली, पाटीला उजेड लागू नये म्हणून पीशियानं त्याच्या डोक्यावर काळी छत्री उघडून धरली, आणि युएलान धूपपात्र घेऊन पुढं चालली. प्रत्येक वळणावर ती हळू आवाजात सांगत होती, "जिना आहे. जपून. आता वळायचंय." खालच्या खोलीत, स्कूटर बाहेर काढून केलेल्या जागेत, लाल कागद लावलेल्या टेबलावर सगळ्यांना बसवलं. चुंगयीच्या कपाळावर घाम होता. पाटी ठेवताना तो पुटपुटला, "बाबा, थोडे दिवसच." युएलाननं ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

वर आता नुसतं लाकडी कपाट उरलं होतं. लो आणि चुंगयीनं मिळून ते पुढं ओढलं.

मागची भिंत पाहून युएलानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळीकुट्ट. जळमटं, मेलेली झुरळं, तेलकट काजळीचा जाड थर. वर्षाच्या शेवटी देव्हारा पुसताना समोरचं सगळं ती घासून काढायची, पण मागं कधी हात गेला नव्हता. इतकी वर्षं पितरांची पाठ अशा घाणीला टेकलेली! आणि परकी माणसं ते बघतायत. तिनं बादली ओढली, फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि भिंतीकडे गेली.

"मावशी, पुसू नका."

लो बोलला होता. तिचा हात तसाच वर राहिला.

"लाज वाटते रे. बघ तरी काय झालंय ते."

"राहू द्या." तो हळू बोलत होता, पण शब्द स्पष्ट होते. "फान साहेब दुपारी येतायत. ते येईपर्यंत हात लावू नका. त्यांना हे असंच दिसलं पाहिजे."

चुंगयी लोकडे बघत राहिला. मग तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. त्या सगळ्या काळ्यात वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आणि तो आतून पांढरा होता; नुकत्याच चिरलेल्या मुळ्यासारखा. फान काय म्हणाले होते ते युएलानला तेव्हा आठवलं. एकदा फडकं फिरवलं असतं तर काळंही गेलं असतं आणि पांढरंही.

तिनं फडकं बादलीत टाकलं. हात कुठं ठेवावेत ते तिला सुचेना, म्हणून एप्रनला पुसले.

"जेवून जा," ती म्हणाली.

"नको मावशी. साइटवर माणसं थांबलीत."

"पितरांपुढं मांडलेलं आहे. त्याला नाही म्हणता येत नाही."

लो तिच्यामागून जिना उतरला. दुसऱ्या मजल्यावर न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. तो थांबला, त्यानं कडी धरून ते जरासं उचललं आणि लावून बघितलं. चौकटीला घासून ते अडलं. त्यानं पुन्हा एकदा, जास्त जोर न लावता, लावून बघितलं, आणि मग होतं तसं उघडं ठेवून खाली गेला.