ताण कोणी दिला

आमचं सोफे दुरुस्त करायचं दुकान. बैठकीखालचे पट्टे ताणून ठोकायचे ते ह्यांनी, कापड शिवायचं ते मी. पंचवीस वर्षं हीच वाटणी. गेल्या वर्षी एक सोफा परत आला. "बसलं की खड्डा पडतो," गिऱ्हाईक चिडलेलं. ह्यांनी पट्ट्याच्या मालाला नावं ठेवली. मी अंगठ्याने दाबून पाहिलं. माल चांगला होता, ताणच नव्हता.

तेव्हापासून हे जेवायला घरी गेले की मी खिळे उपटून पट्टे पुन्हा ओढायची, लाकडाला गुडघा लावून, दातओठ खात. सोफे परत यायचे थांबले. मला वाटलं, केवढी मी शहाणी!

ह्यांचं मात्र कशातच मन लागेना. दुपारी खुर्चीत डोळा लागायचा. अंथरुणात भिंतीकडे तोंड. एकदा पाठीवर हात ठेवला, तर "दमलोय गं," म्हणाले, ते माफी मागितल्यासारखं. शेजारच्या पैलवानाने ताकदीच्या इंजेक्शनांची चिठ्ठी लिहून दिली. ती मी फाडली आणि ह्यांना डॉक्टरबाईंसमोर नेऊन बसवलं.

बाईंनी झोप विचारली, इच्छा होते का विचारलं. हे छताकडे बघत प्रत्येक वेळी, "ठीक आहे."

"अंगातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते?"

"छे! हिला विचारा. एक सोफा परत येत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे सुटल्यासारखे उठायला लागले.

"येत नाहीत," मी म्हटलं, "कारण पट्टे मी ओढते. आठ महिने झाले."

हे पुन्हा बसले. "सगळे?"

"सगळे."

"माझ्या माघारी?"

"समोर ओढू दिले असतेत?"

बाईंनी पेन उचललं. "ताई, तुम्ही पट्ट्यांबरोबर दुखणंही झाकलंत. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं संप्रेरक, कमी असू शकतं. पण शंकेवर औषध द्यायचं नसतं. सकाळी लवकर, उपाशीपोटी रक्त द्या. कमी निघालं तर आणखी एका सकाळी पुन्हा. मग का कमी झालं ते शोधू." आणि माझ्याकडे वळून, "तुमचं काय? तुम्हीही थकलेल्या दिसता."

"माझं आता वय झालं."

"ते मी ठरवीन. हे संप्रेरक बायकांतही असतं, पण नुसत्या त्याच्या आकड्यावरून बायकांचं निदान होत नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड बघू."

घरी येईपर्यंत हे माझ्यापुढे चार पावलं चालत राहिले. मला वाटलं, संपलं, आता हे काही जात नाहीत.

सकाळी सातला बूट घालून हे दारात उभे. "चल. चहा नाही प्यायचा, लक्षात आहे ना?"

प्रयोगशाळेत सहा-सात माणसं आधीच बसलेली. खिडकीतून विचारणा झाली, "कसली तपासणी?" मी कागद पुढे करणार, तोच ह्यांनी माझा हात बाजूला केला.

"टेस्टोस्टेरॉन. कमी झालंय का बघायचंय."

एका वर्तमानपत्रावर दोन डोळे उगवले.

"अहो, हळू!" मी कुजबुजले.

"हळू कशाला? ऐकताना चुकले तर पुन्हा उपाशी यावं लागेल." खिडकीकडे वळून म्हणाले, "आणि हिचा कागद वेगळा आहे. तिचं आधी घ्या, ती टाळेल."